उजवीकडचा कप्पा

१

घोड्याने मालकाला मारलं, म्हणून गाडी स्वस्त झाली. एवढं उघड कुणी बोलत नव्हतं, पण व्यवहार तेवढाच होता.

ताईने त्या गाडीसाठी पहिला फोन केला तेव्हा मालक चांगला जिवंत होता आणि खणखणीत आवाजात बोलत होता. दोन घोडे मावतील अशी गाडी, मागे रॅम्प, मधोमध पार्टिशन, इंजिन ठणठणीत. "उद्या या, बघा आणि घेऊनच जा," असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा फाटकाशी पोलीस उभे होते. मालक त्याच गाडीत, घोड्याच्या मागे, कपाळ फुटून पडलेला त्याच्या बायकोला सकाळी सापडला होता. घोड्याने लाथ घातली असं सगळ्यांचं मत पडलं, आणि पोलीस अपघात लिहून गेले.

काही दिवसांनी मालकीणबाईंचाच फोन आला. गाडी अजून आहे, म्हणाल त्या किमतीला देते, पण लवकर न्या.

शहाण्या माणसाने नको म्हटलं असतं. ताई शहाणीच होती, पण तिची शिल्लक तुटपुंजी होती, आणि तुटपुंज्या शिलकीत फार शहाणपण परवडत नाही. ती लहान मुलांना घोड्यावर बसायला शिकवायची. तीन टट्टू, एक भाड्याचं मैदान आणि गावभर 'ताई' ही हाक, एवढीच तिची इस्टेट. चौथी एक घोडी होती. मागच्या उन्हाळ्यात तिला पोटशूळ उठला, दवाखाना लांब, भाड्याची गाडी येते येते म्हणाली आणि आलीच नाही. घोडी ताईच्या मांडीवर डोकं टाकून गेली. तेव्हापासून स्वतःची गाडी घ्यायची हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. नवी गाडी घेणं तिच्या सात जन्मांत शक्य नव्हतं.

म्हणून ती गेली. जाताना मेलेल्या माणसाच्या नव्हे, गाडीच्याच विचारात होती. भीती तिला तिथे पोचल्यावर वाटायला लागली.

२

गाडी तबेल्यामागे, शेडखाली उभी होती. मालकीणबाईंनी लांबूनच बोट दाखवलं. "मी पुढे येत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघून घ्या."

ताई रॅम्पवरून आत चढली. आत ताज्या रंगाचा वास होता, नव्या रबरी मॅटचा वास होता आणि त्या दोन्हींच्या खाली जुना, आंबूस असा तिसरा वास होता. पार्टिशनच्या दोन्ही बाजूंना घोड्याचा एकेक कप्पा. डावीकडच्या कप्प्यात पुढे चाऱ्याची जाळी टांगलेली होती, तिच्यात अजून मूठभर वाळलं गवत होतं. मागे, रॅम्पच्या कडेला, कुणीतरी पुष्कळ पाणी मारून घासलं होतं. ती जागा बाकीच्या जमिनीपेक्षा स्वच्छ होती, आणि तिच्याकडे बघवत नव्हतं.

ती उजवीकडच्या कप्प्यात शिरली. आत जेमतेम उजेड होता. बाहेर कुणाचंच बोलणं ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात पायाखाली ठक् असं वाजलं.

ती थबकली. पुन्हा वाजलं, अगदी तिच्या तळव्याखाली, आणि पायाखालची मॅट हलकेच वर उचलली गेल्यासारखी झाली. खालून कुणीतरी जमीन दाबत होतं. हाक मारावी तर आवाज फुटेना, आणि उतरावं तर रॅम्प त्या आवाजाच्याच बाजूला. मग खालून फूत्कार सुरू झाला, लांबलचक, न थांबणारा. साप, असं तिला वाटलं. ती जीव मुठीत धरून धावत सुटली ती थेट अंगणात येऊन थांबली.

धीर करून परत गेली आणि वाकून बघितलं, तर गाडीखाली कुणी नव्हतं. साप नव्हता. मागच्या चाकातली हवा जात होती, आणि चाकाशेजारी धुळीत कुणाच्या तरी दोन गुडघ्यांच्या खुणा होत्या.

३

तिच्या पळण्याचा आवाज ऐकून चार माणसं चार बाजूंनी आली. मालकीणबाई ओसरीवरून आल्या. ऑफिसच्या खोलीतून मालकाचा भाऊ आला, त्याला सगळे 'धाकटे' म्हणत. ट्रॅक्टरखालून ड्रायव्हर निघाला. आणि तबेल्यातून घोड्यांचे डॉक्टर आले, हातात कुठल्याशा घोड्याच्या खुरातून काढलेला खडा घेऊन. गुडघे मळलेले तर ड्रायव्हरचेही होते, डॉक्टरांचेही होते. धाकट्यांच्या पँटला मात्र नुकतीच इस्त्री होती.

"जुना टायर आहे, बसला असेल," धाकटे म्हणाले. "त्यात एवढं भ्यायचं काय? आज ट्रायल होत नाही, परवा या."

"टायर बसताना आधी खालून दार ठोठावतो का?" ताईने विचारलं.

ती तबेल्याच्या ओट्यावर बसली. ड्रायव्हरने पाणी आणून दिलं. त्याला बोलायला माणूस हवंच होतं.

"मला मालकांनी आदल्या दिवशीच कामावरून काढलं होतं," तो म्हणाला. "का, ते विचारू नका. म्हणाले गाडी विकतोय, ड्रायव्हर कशाला पोसू. वहिनींनी परत बोलावलं, म्हणून दिसतोय. पण ताई, एक सांगू का? गुरुजींनी लाथ मारली हे मला पटत नाही."

"गुरुजी कोण?"

"तो काय."

समोरच्या कप्प्यात एक करड्या रंगाचा घोडा उभा होता. डोळे अर्धे मिटलेले, खालचा ओठ लोंबता, पोरांच्या परीक्षेवर देखरेख करता करता डुलकी लागलेल्या मास्तरांसारखा. नाव कुणी ठेवलं असेल ते चपखल ठेवलं होतं. ताईने हात पुढे केला तर त्याने हनुवटी तिच्या खांद्यावर टेकवली आणि सुस्कारा सोडला. आयुष्य घोड्यांत गेलेल्या बाईला लाथाड घोडा ओळखू येतो. या घोड्याला लाथेचा कंटाळा असावा.

"याला गाडीत घेतला तर तो कुठे उभा राहतो?" तिने विचारलं.

"उजवीकडे. माझ्या पाठीमागे. एकटा घोडा कायम उजवीकडे, हे काय तुम्हाला सांगायला हवं? रस्ता मध्ये उंच, कडेला उतरता. डावीकडे उभा केला की गाडी कलंडल्यासारखी चालते आणि घोड्याचे पाय भरून येतात."

"आणि त्या दिवशी?"

"वहिनी म्हणतात डावीकडे होता," ड्रायव्हर म्हणाला. "मालक काय करत होते कुणास ठाऊक. गाडी तर महिनाभर जागची हलली नव्हती. लाल घोडीचा पाय मोडला तेव्हा मालकांनी स्वतः चालवली होती, तीच शेवटची."

"घोडीचा पाय गाडीत मोडला?"

"नाही हो, कुरणात. खड्ड्यात गेला. डॉक्टरांनीच औषध टोचून सोडवली बिचारीला."

हात धुऊन डॉक्टर तिकडेच आले. थकलेला, हळू बोलणारा माणूस. घोड्याजवळ येताना त्यांनी आधी त्याला हाक दिली, मग मानेवर हात ठेवला. ताईला ते आवडलं.

"ही गाडी कशी आहे, डॉक्टर? तुमचं मत काय?"

"माझं? त्या गाडीत मी कधी पाय ठेवलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "मालकांना बाहेर काढल्यावर मला बोलावलं. जखम बघितली, लाथेची आहे म्हणालो. माणसांच्या डॉक्टरांना त्यातलं काय कळतं, त्यांनी माझंच धरलं." मग ते म्हणाले, "दुसरी एखादी बघा, ताई. आणि कुठलीही घेतलीत तरी घोड्याच्या तोंडासमोर चारा टांगत जा. एकटं जनावर गाडीत फार घाबरतं. मालकांना मी सांगून थकलो, त्यांना चारा सांडलेला चालायचा नाही."

"गुरुजींचं काय होणार आता?"

धाकट्यांनी लांबूनच उत्तर दिलं. "काय व्हायचंय? माणूस मारलेलं जनावर दारात ठेवत नाहीत. डॉक्टर दोनदा औषध आलं नाही म्हणाले. परवा दुपारी शेवट करायचा. तुम्ही गाडी न्या, घोडा जाईल, विषय संपला."

मालकीणबाई मान खाली घालून उभ्या होत्या. गुरुजींची हनुवटी अजून ताईच्या खांद्यावर होती, आणि ती काढून घ्यायला तिला धीर होईना.

४

दुसऱ्या दिवशी ती एका टट्टूला खरारा करत असताना फोन वाजला.

"ती गाडी घेऊ नका." आवाज कापडातून गाळल्यासारखा दबका होता. बाईचा की पुरुषाचा, तेही कळेना. "त्या गाडीत अजून एक जीव जाणार आहे."

"कोण बोलतंय?"

फोन बंद झाला. भर दुपारचं ऊन होतं, मैदानावर पोरं हसत होती, आणि ताईने खरारा खाली ठेवला. आपण त्या लोकांना फोन नंबर दिला होता, घराचा पत्ता दिला होता, कोणत्या रस्त्याने येतो तेही सांगितलं होतं, हे सगळं तिला एकदम आठवलं.

तिने मामाला बोलावलं. मामा म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ. त्याची सगळी नोकरी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावरही तो रस्त्यात कुणाची गाडी दिसली की वाकून खाली बघायचा आणि बायकोची बोलणी खायचा.

"मला मामा बनवणं सोपं नाही," तो नेहमी म्हणायचा. "मी जन्मजात मामा आहे."

यावेळी त्याने विनोद केला नाही. सगळं ऐकून घेतलं, चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "धमकी देणारा काय म्हणतो? पैसे द्या? तोंड बंद ठेवा?"

"नाही. गाडी घेऊ नका म्हणतो."

"आणि हवा सोडणाऱ्याने काय साधलं?"

"मला गाडी चालवता आली नाही."

"मग हा माणूस तुला घाबरवतोय खरा," मामा म्हणाला, "पण तुझं वाईट करतोय का, ते मला कळत नाही. पोरी, उद्या तू एकटी जायचं नाहीस."

ताईला खरं तर अजिबातच जायचं नव्हतं. पण उद्या दुपारी त्या करड्या घोड्याला औषध टोचणार होते. गेलं नाही तर आपण जिवंत राहू आणि तो राहणार नाही, एवढा साधा हिशेब होता. रात्रभर तिला डोळा लागला नाही.

५

धाकट्यांनी टायर दुरुस्त करून ठेवला होता. "बघा, बिनधास्त बघा," असं म्हणून ते ऑफिसात फोनवर बोलायला गेले. डॉक्टर यायचे होते.

मामाने इंजिनाकडे ढुंकूनही बघितलं नाही. खिशातून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, गाडीत चढला आणि डावीकडच्या कप्प्यातली मॅट उचलून फळ्यांवर टोचून पाहिलं. टणक. दुसरीकडे टोचलं, टणक. मग तो उजवीकडे गेला, मॅट उचलली आणि टोचलं.

स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

मामाने तो काढला नाही. नुसता बघत बसला. "वरून रंग, त्यावर मॅट," तो हळूच म्हणाला. "खाली घोड्याच्या मुताने लाकडाचा भुसा झालाय. एका ठिकाणी तर आधीच भोक पडलेलं आहे, त्यावर नुसता पत्रा मारून रंगवलाय. ताई, चालत्या गाडीत इथे घोडा उभा असता तर त्याचा पाय खाली रस्त्यावर घासला असता."

परवा ती याच कप्प्यात उभी होती. आणि खालून कुणीतरी हाताने दाबून बघत होतं.

"आधीच भोक पडलंय," ती म्हणाली. "मामा, लाल घोडीचा पाय कुरणात नाही मोडला."

मामाने मान हलवली. त्याने आणखी एका गोष्टीकडे बोट दाखवलं. घोडा मागे सरकू नये म्हणून प्रत्येक कप्प्याच्या मागे एक लोखंडी दांडा अडकवायचा असतो. डावीकडचा दांडा काढून बाजूला टांगलेला होता. उजवीकडच्या कड्या रिकाम्या होत्या. "दोन कप्पे आणि दांडा एकच," मामा म्हणाला. "उरलेला कुठे गेला, हे कुणी विचारलं नाही. घोडा सापडला ना मारेकरी म्हणून, मग दांडा कशाला शोधायचा?"

ताई रॅम्पवर बसली. भीती तर वाटतच होती, पण आता डोकंही चालायला लागलं होतं.

"मामा, घोडा नंतर आणलाय. मालक आधीच पडलेला होता. तो ज्याने मारला त्याने तबेल्यातून गुरुजींना आणून इथे उभा केला. दांड्याचा घाव लाथेवर खपवायचा होता."

"पुढे?"

"सवयीने उजवीकडे बांधला असता. घोड्यातला कुणीही माणूस डोळे मिटून उजवीकडेच बांधेल. याने डावीकडे बांधला, कारण उजवीकडची जमीन सडलीय हे त्याला ठाऊक होतं. आणि माणूस मारून घाईत असतानाही घोड्याचा पाय जाऊ नये याची त्याने काळजी घेतली. वर तोंडासमोर चारा टांगला."

"म्हणजे माणसापेक्षा घोड्याची कदर असलेला," मामा म्हणाला. "कोण?"

"मालकीणबाई गाडीजवळ येत नाहीत. मॅट धाकट्यांनी टाकली असेल, पण खालचं बघितलं असेल की नाही, देव जाणे. ड्रायव्हरला माहीत असतं तर त्याने रस्त्याचा उतार मला इतक्या भाबडेपणाने सांगितला नसता." ती थांबली. चौथ्याचं नाव घ्यायला तिची जीभ रेटेना. "मला वाटतं म्हणून कुणाला फासावर चढवायचं का? पुरावा काहीच नाही. आणि दुपारी घोडा जाणार."

मामाने शेडच्या कोपऱ्यात पडलेल्या एका जाड लोखंडी पत्र्याकडे बघितलं. पाण्याच्या हौदाचं जुनं झाकण होतं ते. "हा मॅटखाली सरकवला तर घोडा पेलेल," तो म्हणाला. "तू त्यांना बोलण्यात गुंतव."

ताई त्यांना बोलण्यात गुंतवायला वळली, तोच धाकटे ऑफिसातून बाहेर पडून थेट शेडकडेच यायला लागले. त्यांच्या मागे डॉक्टर होते. डॉक्टरांच्या हातात काळी बॅग होती.

६

"एक विनंती आहे," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "गाडी मला पसंत आहे. फक्त घोडा चढवून बघायचाय. जनावर वर गेल्यावर गाडी किती बसते, ते कळल्याशिवाय मामा पैसे देऊ देत नाही."

"कुठला घोडा?" धाकट्यांनी विचारलं.

"गुरुजीच द्या. शांत आहे."

धाकटे हसले. "घ्या. नाहीतरी जायचाच आहे, जाता जाता गाडी विकून देईल."

ड्रायव्हर घोडा घेऊन आला. मालकीणबाई ओसरीच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. ताईने दोर स्वतःच्या हातात घेतला. मामा गाडीतून उतरला आणि रुमालाने मान पुसत बाजूला झाला. पत्रा सरकवायला जमला की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना, आणि विचारायची सोय नव्हती. ताईने ठरवलं होतं, कुणीच काही बोललं नाही तर शेवटच्या पावलाला आपणच थांबायचं. पण घोड्याला आपलं ठरवणं थोडंच माहीत असतं. त्याने एक पाऊल जास्त टाकलं तर हातात दोर राहील आणि खाली पाय जाईल.

"उजवीकडे घेते," ती मोठ्याने म्हणाली. "एकटा आहे ना."

गुरुजींची पहिली टाप रॅम्पवर वाजली. दुसरी वाजली. धाकट्यांनी सिगारेट पेटवली. ड्रायव्हर मागून चुचकारत होता. मालकीणबाईंनी पदर तोंडाशी धरला होता, पण तो त्या दिवसाच्या आठवणीनेही असेल. घोडा वास घेत पुढे सरकला. ताईच्या हाताला घाम सुटून दोर निसटत होता. समोर काळी मॅट होती आणि तिच्याखाली काय आहे ते तिला माहीत नव्हतं. घोड्याने पुढचा पाय उचलला.

"उजवीकडे नको."

आवाज ओरडल्यासारखा नव्हता. कळवळून आला होता. "ताई, थांबा. डावीकडे घ्या त्याला. डावीकडे."

तिने दोर खेचला. गुरुजी अर्धवट उचललेला पाय घेऊन थांबले, आणि मग तो त्यांनी मागे, रॅम्पवरच ठेवला. सगळे डॉक्टरांकडे बघत होते.

७

"का, डॉक्टर?" ताईने विचारलं. "एकटा घोडा उजवीकडे उभा करतात. तुम्हाला माहीत नाही असं नाही."

डॉक्टरांनी नजर घोड्याच्या पायांकडे वळवली.

"उजवीकडची जमीन सडलीय. वरून दिसत नाही. या गाडीत तुम्ही कधी पाय ठेवलेला नाही, मग तुम्हाला कसं कळलं?"

"हे काय चाललंय?" धाकटे म्हणाले. त्यांच्या हातातली सिगारेट तशीच जळत होती. "जमीन सडलीय? मी दादाने दिलेली मॅट टाकली फक्त."

डॉक्टर रॅम्पच्या कडेला बसले. बॅग त्यांनी शेजारी अलगद ठेवली. बराच काळ पाठीवर वाहिलेलं काहीतरी उतरवून ठेवावं तसे ते बसले होते.

"लाल घोडीचा पाय इथून खाली गेला," ते म्हणाले. "गाडी चालू होती. मालकांना मागचं ओरडणं ऐकू आलं तोवर पुष्कळ रस्ता मागे पडला होता. मला बोलावलं. मी तिला मोकळं केलं, आणि कुरणात पाय मोडला असं सांगायला कबूल झालो. विम्याचे पैसे मिळायचे होते त्यांना. मी भित्रा माणूस आहे, ताई. गप्प बसलो."

"आणि त्या रात्री?"

"त्यांनी पत्रा मारून रंग दिला होता. मी म्हटलं, फळ्या बदलल्याशिवाय विकू नका. ते हसले. म्हणाले, उद्या एक बाई येतेय, पोरांना शिकवणारी, पैसे बेताचे. कमी पैशांची माणसं वाकून बघत नाहीत, मिळतंय त्यातच खूश असतात." डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "पोरांचे टट्टू यात चढणार होते. माझ्या डोळ्यांपुढे ती लाल घोडी आली. दांडा हातात कधी आला ते मला कळलं नाही."

ती बाई म्हणजे ती स्वतः. त्या संध्याकाळी फोनवर तिनेच सांगितलं होतं, माझ्याकडे फार पैसे नाहीत म्हणून.

"फोन तुम्ही केलात. हवा तुम्ही सोडलीत."

"तुम्ही आत उभ्या होतात आणि मी खालून फळी दाबून बघितली. माझ्या हाताला भुसा आला. आणखी काय करणार होतो? खरं सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. दांडा अजून माझ्या गाडीच्या डिकीत आहे. टाकायला गेलो की हात उचलत नाही."

ओसरीवरून मालकीणबाई पहिल्यांदाच पुढे आल्या, गाडीच्या अगदी जवळ. त्या डॉक्टरांना काही बोलल्या नाहीत. त्यांनी घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि रडायला लागल्या. त्यात नवऱ्याचं दुःख किती आणि या मुक्या जनावराला बोल लावल्याची लाज किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आणि गुरुजी?" ताईने विचारलं. "त्याच्यावर तुम्ही ढकललंत. आज त्याला टोचणार होतात."

"औषध आलं नाही म्हणत होतो, ते खोटं होतं. पहिल्या दिवसापासून बॅगेत आहे," डॉक्टर म्हणाले. "घोड्यासाठी की माझ्यासाठी, ते आज सकाळपर्यंत ठरत नव्हतं."

ड्रायव्हरने पुढे होऊन ती बॅग उचलली आणि आपल्या ट्रॅक्टरच्या सीटवर नेऊन ठेवली. धाकट्यांनी पोलिसांना फोन लावला. पोलिसांची गाडी आल्यावर डॉक्टर आपणहून उठले आणि चार पावलं जाऊन मागे वळले.

"डावीकडच्याही फळ्या बदला," ते म्हणाले. "पार्टिशनच्या कडेने बघा. मी त्याला तिथे बांधला तेव्हा मला ती बाजू धड वाटली होती, पण परवा खालून दाबली तर तीही मऊ लागली."

मामाने गाडीत जाऊन पार्टिशनच्या कडेला स्क्रू-ड्रायव्हर टोचला. तो आत गेला. आधी त्याने मधोमध टोचलं होतं, आणि जन्मजात मामा असूनही तो फसला होता.

"आणि उजवीकडचा पत्रा?" ताईने त्याला विचारलं. "तू सरकवलास ना?"

मामाने रुमाल पुन्हा मानेवर फिरवला. "अर्धाच गेला होता," तो म्हणाला.

गाडी ताईनेच घेतली. घासाघीस मामाने केली, आणि सडक्या जमिनीचे पैसे वजा करायला त्याला लाज वाटली नाही. मालकीणबाईंनी घोडा वर असाच दिला. सगळ्या फळ्या उचकटून नव्या बसवल्या, मग गुरुजींना पहिल्यांदा चढवलं, उजवीकडच्या कप्प्यात, तोंडासमोर चारा टांगून. ते डोळे अर्धे मिटून उभे राहिले, काही घडलंच नाही असे.

ताईचं तसं झालेलं नाही. अजूनही रस्त्याला लागल्यावर मागून टाप वाजली की तिच्या काळजात धस्स होतं. ती गाडी कडेला घेते, उतरते आणि खाली वाकून बघते.